'ऑन' म्हणजे केवळ 'वर' नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या सहावीतल्या नातवाने गेल्या आठवड्यात चाचणीची उत्तरपत्रिका घरी आणली. 'तिच्या बोटात अंगठी आहे' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातील गाळलेल्या जागी त्याने 'इन' लिहिले होते आणि त्यावर लाल फुली होती. उत्तर चुकले होते, त्यामुळे फुलीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या वहीत चिकटवलेल्या तक्त्याबद्दल. 'इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली' असे त्यात छापले आहे आणि मुलाने तो तक्ता प्रामाणिकपणे वापरला. आपण अंगठी बोटात घालतो; मग त्याला 'ऑन' कोठून सुचावा? इंग्रजी शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली आणि त्यांतली सुरुवातीची बरीच वर्षे मीही हाच तक्ता फळ्यावर लिहीत असे, म्हणून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटते.

'ऑन' या शब्दाचा गाभा उंचीत नाही, स्पर्शात आहे. छताला चिकटलेली माशी खरे तर छताच्या खालच्या बाजूला असते, तरी इंग्रजीत ती 'ऑन द सीलिंग' असते, कारण तिचे पाय छताला टेकलेले असतात. उलट, आपण 'डोक्यावर पंखा फिरतो आहे' असे म्हणतो, तेथे 'ऑन' वापरला तर पंखा डोक्यावर येऊन टेकल्याचा अर्थ होईल. आपले नाशिक 'ऑन द गोदावरी' आहे असे वाक्य मी वर्गात लिहिले, की एखादा विद्यार्थी हमखास विचारत असे, 'बाई, गाव पाण्यावर कसे?' गाव पाण्यावर नाही, काठाला लागून आहे. आपण 'गोदाकाठी' म्हणतो तेच. शेक्सपिअरचे जन्मगाव एव्हन नदीकाठी आहे आणि त्याच्या नावातच 'अपॉन एव्हन' आहे. हा 'अपॉन' म्हणजे 'अप' आणि 'ऑन' यांची जोडणी. प्राचीन इंग्रजीत तर 'आत' आणि 'वर' या दोन्ही अर्थांना 'ऑन' हा एकच शब्द चालत असे. 'जिवंत' या अर्थाचा 'अलाइव्ह' हा शब्द 'ऑन लाइफ' अशा जुन्या प्रयोगातून घडला, म्हणजे जो जीवनात आहे तो. हे पाहिले, की 'इन' आणि 'ऑन' यांत गोंधळलेल्या मुलावर रागवावेसे वाटत नाही.

माझे खरे म्हणणे पुढे आहे. या 'ऑन'चा मराठी सोबती 'वर' नसून 'लागणे' आणि 'लावणे' ही क्रियापदे आहेत, असे अनेक वर्षे शिकवताना माझ्या हळूहळू लक्षात आले. झाडाला आंबे लागतात, ते इंग्रजीत 'ऑन द ट्री' असतात. घराला आग लागते, ते घर 'ऑन फायर' असते. सरकार वस्तूंवर कर लावते, तो 'टॅक्स ऑन' असतो. कोणी शर्यतीत घोड्यावर पैसे लावतो, तेथेही 'ऑन'च येतो. निवडणुकीची ड्यूटी लागलेला शिक्षक 'ऑन ड्यूटी' असतो. घराघरांत रोज ऐकू येणारे 'लाइट ऑन कर' हे वाक्य पाहा. त्याला 'दिवा लाव' हा पर्याय आपल्याकडे आधीपासूनच आहे, आणि तो वातीला ज्योत टेकवण्याच्या काळापासून चालत आलेला आहे. विजेच्या बटणातही धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकतात, परिपथ पूर्ण होतो आणि प्रवाह वाहू लागतो. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन भाषांनी दिव्यासाठी स्पर्शाचाच शब्द निवडावा, याचे मला आजही मनापासून अप्रूप वाटते.

करमणुकीच्या क्षेत्रात ही जोडी अधिकच स्पष्ट दिसते. इंग्रजीत 'व्हॉट्स ऑन' असे विचारतात, तेव्हा नाशिककर 'कालिदासला कोणते नाटक लागले आहे?' असे विचारतो. रेडिओ लावायचा, गाणे लावायचे, दूरदर्शनवर सामना लागला आहे, चित्रपटगृहात नवा चित्रपट लागला आहे: या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'ऑन' बसतो. ज्या दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि ज्यांनी १९१३ मध्ये पहिल्या चित्रपटानंतर आपली कंपनी नाशिकला आणली, त्यांच्या जिल्ह्यातील मुलांना तरी 'चित्रपट लागला' या प्रयोगातून 'ऑन' शिकवायला काय हरकत आहे? 'ऑन एअर' या शब्दांचे मात्र 'हवेवर' असे भाषांतर कोणी करू नये. 'प्रक्षेपण सुरू आहे' हे त्याचे साधे मराठी आहे.

क्रिकेटमधील 'ऑन साइड'ला आपण 'लेग'ची बाजूही म्हणतो, त्यावर अधिक लिहीत नाही. पण 'फॉलोऑन' सांगण्यासारखा आहे. पाच दिवसांच्या कसोटीत पहिल्या डावात २०० किंवा अधिक धावांची आघाडी मिळाली, की प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीस उतरवता येते. येथे 'ऑन' स्पर्श दाखवत नाही. तो 'न थांबता पुढे' असे सांगतो, जसा तो 'गो ऑन' आणि 'कॅरी ऑन' यांत सांगतो. मराठी वृत्तपत्रे 'फॉलोऑन लादला' असे छापतात, आणि लादणे हे क्रियापद मला फार योग्य वाटते, कारण त्यात पाठीवर टाकलेल्या ओझ्याचे वजन आहे. २००१ मध्ये कोलकात्यात २७४ धावांनी मागे पडलेल्या भारतावर ऑस्ट्रेलियाने तो लादला. त्यानंतर लक्ष्मणच्या २८१ आणि द्रविडच्या १८० धावांच्या बळावर भारताने तो सामना १७१ धावांनी जिंकला. त्या वर्षी माझ्या वर्गात 'ऑन'चा हा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

या 'न थांबता' अर्थाला 'लागणे' पुरे पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'बोलू लागला' म्हणजे बोलण्यास सुरुवात केली, तर इंग्रजीतील बोलण्यापुढचा 'ऑन' म्हणजे बोलतच राहिला. येथे दोन भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. एखाद्या विषयावरचे पुस्तक 'ऑन' असते, तेथे आपला 'वर'च उत्तम बसतो. 'ऑन टाइम'ला 'वेळेवर' आहेच. पंचवटी एक्स्प्रेस फलाटाला लागते, पण आत बसलेला प्रवासी 'ऑन द ट्रेन' का, हे मुलांना चटकन पटत नाही. जहाजाच्या फळ्यांवर चढण्यापासूनची सवय सांगितली, तर थोडे पटते. 'पायी' आणि 'सोमवारी' या शब्दांना तर कोणतीच जोड मिळत नाही.

पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना आणि प्राथमिक शाळेतील शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे, की 'ऑन' शिकवण्यापूर्वी मुलांकडून 'लागणे' आणि 'लावणे' यांची दहा वाक्ये काढून घ्यावीत. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. सहा वर्षांच्या मुलाजवळ ही क्रियापदे आधीच असतात, तक्ता मात्र त्यांना बाजूला सारतो. माझ्या नातवाला मी अंगठी बोटाला लागलेली असते एवढेच दाखवले आणि त्याने 'ऑन' स्वतः लिहिला. 'ऑन मंडे' मात्र त्याला पाठच करावे लागले, आणि मीही त्याला तसेच सांगितले.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, नाशिक रोड