कोणता कान?

मालवण, रविवार रात्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्याबरोबर डायव्हिंगला उतरलेल्या पाहुण्याचंच बोलणं झालं. कान दुखतोय हे तू जाता जाता बोललीस, आणि कोणता ते विचारायचं माझं राहून गेलं.

पाण्याखाली १२ मीटरवर घाबरून वर पळणाऱ्या त्या पाहुण्याला तू धरलंस, श्वास सोडायला लावत सावकाश वर आणलंस. आईला मी हे तीनदा सांगितलं. १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, कोंडली तर फुफ्फुस फाटतं, हे तूच ओसरीवर फुगा घेऊन मला समजावलं होतंस. पण बाय, तुला सर्दी होती ना? गोळी घेऊन उतरलीस ना? खाली असतानाच गोळीचा असर गेला की वर येताना हवा कानात अडकते. तुला हे माहीत आहे, तरी लिहितोय.

तुझ्या जन्माआधी किल्ल्याच्या मागे नांगर खडकात अडकला होता. चार वाव पाणी, मला सर्दी, वर आजोबा ओरडतायत. तिसऱ्या बुडीला कानात फट झालं आणि समुद्र गरगर फिरला. वर कुठे, खाली कुठे, कळेना. नांगर सुटला. तू लहानपणी डावीकडून हाक मारायचीस आणि मी ओ दिली नाही की रुसायचीस. कारण तुला कधी सांगितलंच नाही.

पुण्याची नोकरी सोडलीस तेव्हा मी नको ते बोललो. आताही उपदेशच चाललाय, रागावू नकोस. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या तुझ्या गोष्टी मी जेटीवर सगळ्यांना सांगतो. घरटं राखणारा तो ट्रिगरफिश मासा अंगावर आला, तर त्याची हद्द वर वर रुंद होत जाते म्हणून वर नाही, आडवं निघायचं. २०१० च्या गरम पाण्यात पांढरी पडून मेलेली पोवळी, आणि त्यांच्यावरच बोटभर वाढलेली नवी फांदी. इतकी वर्षं खडक म्हणून आम्ही ज्यांच्यावर नांगर टाकले ते जिवंत प्राणी आहेत, हे मला तुझ्याकडून कळलं.

पोर्ट ब्लेअरला जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखव. ते हो म्हणेपर्यंत पाण्यात उतरू नकोस. पगार कापला तर कापू दे, मी पाठवतो. आत्याने आगळ दिलंय, कुरिअर करतोय.

डावा की उजवा, तेवढं आजच कळव.

बाबा