परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : अमेरिकेतल्या कोर्टात एकट्या उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी

माननीय डॉ. एस. जयशंकर यांस,

सादर नमस्कार.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने आपली १०४ माणसे अमृतसरला आणून उतरवली. दुसऱ्याच दिवशी आपण राज्यसभेत निवेदन केलेत आणि बेकायदा स्थलांतराचा धंदा मोडून काढण्यावर भर दिलात. तो धंदा मोडलाच पाहिजे. पण त्याने आधीच इकडे अमेरिकेत आणून सोडलेली काही मुले आहेत, आणि हे पत्र त्यांच्यासाठी आहे. वय पंधरा-सोळा, सोबत आई-वडील नाहीत, व्हिसा नाही. बरीचशी गुजरात, पंजाब, हरियाणातली. मी न्यू जर्सीत राहते आणि अशा मुलांच्या वकिलांसाठी हिंदी-गुजराती दुभाषी म्हणून विनामोबदला काम करते.

सीमेवर सापडलेले असे मूल ७२ तासांत अमेरिकेच्या आरोग्य खात्याकडे सोपवावे, असा इथला कायदा आहे. तिथून ते एखाद्या नातेवाइकाकडे जाते, नाहीतर निवाऱ्यात राहते. हद्दपारीचा खटला मात्र सुरू होतो, आणि त्यात मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही.

अशा मुलांसाठी १९९० पासून एक तरतूद आहे, ‘स्पेशल इमिग्रंट जुव्हेनाइल’, म्हणजे छळलेल्या किंवा टाकून दिलेल्या परदेशी मुलांना इथे राहण्याची वाट देणारा खास दर्जा. तिची सुरुवात राज्याच्या बालन्यायालयात किंवा फॅमिली कोर्टात होते. तिथल्या न्यायाधीशाने मुलाला कोर्टाच्या छत्राखाली घ्यायचे किंवा एखाद्या व्यक्तीच्या वा संस्थेच्या ताब्यात द्यायचे. छळ, हेळसांड किंवा टाकून दिल्यामुळे आई-वडिलांपैकी निदान एकाकडे परतणे शक्य नाही, आणि मायदेशी धाडणे मुलाच्या हिताचे नाही, असेही नोंदवायचे. तो आदेश जोडून मग अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे अर्ज करायचा, वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याआधी.

आपल्या मुलांचा या कायद्याशी संबंध जुना आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ‘एच.एस.पी. विरुद्ध जे.के.’ या प्रकरणात निकाल दिला, त्यातला मुलगा भारतातला होता. शाळा सोडून बांधकामावर राबलेला. खालच्या कोर्टांत त्याचे प्रकरण अडले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याच्या न्यायाधीशाने मुलाच्या हिताचे सगळे मुद्दे तपासून निष्कर्ष द्यावेत; मुलाला अमेरिकेत राहू द्यायचे की नाही, हे ठरवणे त्या न्यायाधीशाचे काम नाही.

मग आपल्या मुलांचे घोडे अडते कुठे? कागदांपाशी. मुलाच्या फोनमध्ये जन्मदाखल्याचा फोटो असतो, घडी पडलेला, एक कोपरा कापला गेलेला. असा एक दाखला मी कोर्टात वाचून दाखवला होता. आईचे नाव होते, वडिलांचे होते, जन्मतारीख होती, नोंदणी क्रमांक होता. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आपल्याकडे जन्म आधी नोंदवतात आणि नाव मागाहून चढवतात. याचे नाव चढवायला कुणी गेलेच नव्हते. न्यायाधीशांनी विचारले, हा दाखला याच मुलाचा कशावरून? प्रश्न रास्त होता. पुढची तारीख मिळाली, पण वय काही तारखेसाठी थांबत नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात २१ वर्षांपर्यंत पालक नेमता येतो, टेक्साससारख्या राज्यात मात्र अठरावा वाढदिवस झाला की ही वाटच बंद होते.

पुढे पासपोर्टसाठी एका वाणिज्य दूतावासाच्या खिडकीशी गेलो, तर आई-वडील दोघांच्या संमतीच्या सह्या आणा म्हणाले. वडील घर सोडून गेले म्हणून तर हा खटला! ताब्याचा कोर्टाचा आदेश पुढे केला, तर हा भारतातल्या कोर्टाचा नाही, असे उत्तर मिळाले. तो मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता.

मंत्रिमहोदय, वाणिज्य संबंधांविषयीचा १९६३ चा व्हिएन्ना करार भारताला आणि अमेरिकेला, दोघांनाही लागू आहे. त्याचे कलम ५ सांगते की आपल्या अल्पवयीन नागरिकांचे हित जपणे, विशेषतः पालक नेमण्याची वेळ येते तेव्हा, हे वाणिज्य दूतावासाचे काम आहे. कलम ३७ प्रमाणे अशी वेळ आली की इथल्या यंत्रणेने आपल्या दूतावासाला कळवायचे असते. या मुलांसाठी धावून जाणे हे उपकाराचे काम नाही, कर्तव्याचे आहे.

आई-बापांनीच पाठवले, मग टाकले कसे म्हणायचे, असा प्रश्न मला आपल्याच लोकांकडून वारंवार ऐकू येतो. कर्ज काढून, एजंटच्या हाती पोर देणाऱ्या घरांत काय चालते, हे प्रत्येक घरागणिक वेगळे असते, आणि म्हणूनच ते न्यायाधीशाने तपासावे. तिकीट कुणी काढले यावरून पंधरा वर्षांच्या मुलाला दोषी धरणे मला पटत नाही.

माझी मागणी एक परिपत्रक काढण्याची आहे. राज्याच्या कोर्टाने ताबा किंवा पालकत्व दिले असेल, तर तो आदेश आई-वडिलांच्या संमतीच्या जागी धरून मुलाला पासपोर्ट द्यावा. जन्मनोंदीची खातरजमा ठरलेल्या मुदतीत करून द्यावी. मात्र मुलाच्या वकिलाच्या लेखी संमतीशिवाय गावी चौकशी पाठवू नये. यातल्या काहींनी आश्रय मागितलेला असतो, काहींना घरातच मारहाण झालेली असते. पोलीस दारात गेले की एजंटला आणि सावकाराला मुलाचा सुगावा लागतो, याची मला फार धास्ती वाटते.

मुलाच्या ताब्याच्या खटल्यात आई-वडिलांना बजावायची नोटीस, परदेशात नोटिसा बजावण्याविषयीच्या हेग करारानुसार, दिल्लीला विधी मंत्रालयाकडे जाते, कारण थेट टपालाने नोटीस बजावण्यास भारताची हरकत आहे. ते खाते आपले नाही, पण मुलांच्या प्रकरणांना अग्रक्रम द्या, एवढे आपण त्यांना सांगू शकता. परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. वकिलाची फी परवडत नाही अशा मुलांसाठी तो वापरावा. गरज आता जास्त आहे. ‘स्पेशल इमिग्रंट जुव्हेनाइल’ दर्जा मिळाल्यावरही ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि त्या काळात हद्दपारीपासून संरक्षण देणारे २०२२ चे धोरण अमेरिकेने जून २०२५ मध्ये मागे घेतले.

प्रत्येक वाणिज्य दूतावासात या कामासाठी एक अधिकारी नेमून त्याचा ईमेल संकेतस्थळावर टाकावा. इथले वकील दुसऱ्याच दिवशी लिहायला लागतील.

आपली नम्र,
एक दुभाषी, न्यू जर्सी