खांदा आता धनुष्य ओढतो

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईला भरून येतं आणि बाबा विषय बदलतात, म्हणून सगळं नीट लिहूनच कळवते. आधी महत्त्वाचं: उजवा खांदा बरा आहे. वेणी माझी मीच घालते, वरच्या फळीवरचे डबे काढते, त्या कुशीवर झोपही लागते. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी हात सगळीकडून फिरवून पाहिला आणि मगच धनुष्याने शिकार करायला होकार दिला. तोवर मी दोरीला बोट लावलं नव्हतं.

आई, तू म्हणतेस, एवढा खांदा शिवून घेतलास, आता पुन्हा तेच कशाला? अगं, खांदा गेला तो बर्फावर घसरून, धनुष्याने नाही. उलट धनुष्य होतं म्हणून मी व्यायाम टाळला नाही. काखेत टॉवेलची गुंडाळी दाबून धरायची आणि कोपर न हलवता रबरी पट्टा हळूहळू बाहेर ओढायचा. दिसायला काहीच नाही, पण सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं. ते दिवस मागे पडले.

माझं धनुष्य जुन्या पद्धतीचं, चाकं नसलेलं. चाकांचं कंपाउंड धनुष्य 1960च्या दशकात निघालं. ते पूर्ण ओढलं की हातावरचा भार एकदम उतरतो. माझ्या धनुष्यात जितकं ओढाल तितका भार वाढतो आणि बाण सुटेपर्यंत तो सगळा पेलावा लागतो. म्हणून इथे प्रत्येकाने सांगितलं की कंपाउंड घे, नाहीतर क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य, घे. क्रॉसबो तर 2014पासून अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिन राज्यात सगळ्यांना चालतो. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, पण मला तो नको होता. मला आवडतं तेच मुळी हे, की ताकद, नजर आणि श्वास सगळं माझं. त्याऐवजी मी ओढ कमी केली. धनुष्याची मूठ तीच ठेवली आणि 45 पौंड ओढीची पाती, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन बाहू, काढून 36ची बसवली. विस्कॉन्सिनात हरणासाठी 30 पौंड ही किमान अट आहे, म्हणजे मी नियमात आहे. जुने बाण या पात्यांना फार ताठ पडले, सगळे डावीकडे जायला लागले, म्हणून लवचीक घेतले. आणि आता ओढते ती दंडाने नाही, पाठीने: दोन्ही फरे एकमेकांकडे आणायचे, हात नुसता आकडा. झाडावरच्या मचाणावर चढत नाही. जमिनीवरच आडोसा करून बसते, त्यामुळे पडायची भीती नाही. अंतर पंधरा यार्डांच्या आत आलं नाही तर बाण सोडायचा नाही, हे पक्कं.

ऑक्टोबरात एक मादी मिळाली. हो, मारली. तुमच्यापासून लपवायचं नाही, म्हणून लिहिते. ओक वृक्षांखाली ती फळं टिपत आली, मान खाली होती. मी ओढलं, बोट ओठांच्या कोपऱ्याला टेकलं, आणि खांदा थरथरला नाही. हे तुम्हाला सांगण्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसले.

त्यानंतर इथले लोक जे करतात ते तुम्हाला विचित्र वाटेल, मलाही वाटलं होतं. बाण लागला तरी कोणी धावत जात नाही. जागेवरच बसायचं, निदान अर्धा तास. जनावर कुठे उभं होतं आणि कोणत्या झाडामागे गेलं ते डोळ्यांत धरून ठेवायचं. मग जाऊन आधी बाण बघायचा: फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, जनावर लांब जात नाही. गडद तांबडं म्हणजे यकृत, आणखी थांबा. हिरवट घाण म्हणजे पोट, मग कित्येक तास थांबावं लागतं. लगेच पाठलाग केला तर घाबरलेलं हरीण जिवाच्या आकांताने लांब पळतं आणि कुठेतरी वाया जातं. ते थांबणं म्हणजे त्याच्याप्रति असलेली जबाबदारी असं मानतात, आणि मला ते पटतं. माझा बाण गुलाबी होता, ती जवळच मिळाली. नंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे नोंद करावी लागते. मांस विकता येत नाही, म्हणून शेजाऱ्यांत वाटलं. 2002 मध्ये इथल्या हरणांत एक मेंदूचा रोग सापडला, म्हणून तिच्या लसिकाग्रंथी तपासायला दिल्या आणि अहवाल चांगला आल्यावरच शिजवलं.

बाबा, तुम्ही विचारलंत की हे बेकायदा तर नाही ना. नाही. 1972 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्याच वर्षी इथे धनुष्यावरचा 11 टक्के कर वन्यजीवांसाठी लावायचा कायदा झाला. आणि आई, मुलीने कशाला, हा तुझा मुद्दा: इथले निसर्गरक्षक अल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्यं घडवायचे आणि त्यांच्या पत्नी एस्टेला राज्याच्या महिला धनुर्धरांत अव्वल होत्या.

आता बाकीचं. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी तिथे नव्हते हे रोज आठवतं. दादाने सगळं धावपळ करून केलं, त्याला सांगा मी मानते. खांद्याच्या ऑपरेशनचा विम्याबाहेरचा भाग अजून फिटतो आहे, म्हणून दोन महिने पैसे कमी आले. या महिन्याचे पाठवले आहेत आणि पुढच्या महिन्यापासून पूर्वीइतकेच येतील. कर्जाचा हप्ता बाबांनी पेन्शनमधून भरू नये, मी भरते. मावशीने सुचवलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. माणूस बरा वाटतो, बोलायला हरकत नाही, पण त्यांना शिकारीचं आधी सांगा, मग माझा नंबर द्या. लपवून काही जुळवू नका. मे महिन्यात सुट्टी मागितली आहे. मिळाली की तिकीट काढते, आणि हे नुसतं बोलणं नाही.

आई, जिवाला लावून घेऊ नकोस. बाबांचे डोळ्यात घालायचे थेंब वेळेवर घालत जा.

तुमची लाडकी,
मनू