नॅनोतंतूंच्या यंत्रासाठी माजी विद्यार्थ्यांना पुन्हा एकदा आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या रसायनशास्त्र विभागातील नॅनोतंतू, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक धागे, काढण्याचे यंत्र बंद पडून दोन महिने झाले. ते ज्यांच्यामुळे उभे राहिले त्यांचे स्मरण प्रथम केले पाहिजे. निवृत्त होताना विभागातील सरांनी आपल्या फंडातील मोठा हिस्सा न बोलता विभागाकडे सुपूर्द केला, १९९४ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवी मेळाव्याचे भोजन साधे ठेवून उरलेली सर्व रक्कम दिली आणि बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या भगिनींनी टरफले धुऊन, वाळवून पोहोचवली. त्याच टरफलांपासून आपल्या मुलींनी या तंतूंसाठी लागणारा कायटोसान नावाचा पदार्थ तयार केला. हे देणे कोणत्याही पावतीत मावणारे नाही.

अपघातात हाडाचा मोठा तुकडा गेला की ती पोकळी आपोआप भरत नाही आणि अनेकदा रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून तेथे बसवावे लागते, म्हणजे एका जखमेसाठी दुसरी जखम. मुळात हाड म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंवर जमलेले हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाचे स्फटिक. त्याच धर्तीवर आपल्याकडे मजबूत पण पाण्याला दूर ठेवणारे पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे प्लास्टिक, पेशींना मानवणारे पण ओले होताच लिबलिबीत होणारे कायटोसान आणि हे खनिज एकत्र करून, सुमारे १५,००० व्होल्ट दाबाखाली सुईतून केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक तंतू ओढले जातात आणि हाडातील पोकळीसाठी त्यांची जाळी तयार होते. जपानचे कोकुबो यांनी सुचविलेल्या, रक्तद्रवासारख्या क्षारद्रावणात ही जाळी ठेवून तिच्यावर खनिजाचा थर धरतो का, हे विद्यार्थी पाहतात. (ही जाळी अद्याप रुग्णांसाठी नाही, गुडघेदुखीच्या चौकशीचे फोन कृपया करू नयेत.)

गतवर्षीच्या पत्राला आलेली उत्तरे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि स्नेहमेळाव्यात 'जाळी विणून काय मिळणार?' असेही ऐकावे लागले. त्या वेळी आम्ही गप्प राहिलो. परंतु चार विद्यार्थ्यांचे एम.एस्सी.चे प्रबंध अडले असता गप्प राहणे शक्य नाही.

खारट दमट हवेने उच्चदाब वीजपुरवठ्याचा संच निकामी झाला असून नव्या संचाचे दरपत्रक १,७५,००० रुपयांचे आहे, मंडळाकडे ५२,००० शिल्लक आहेत आणि दरपत्रकाची मुदत महिनाअखेरीस संपते. धनादेश मंडळाच्या नावे काढावा, रोख २,००० रुपयांपर्यंतच, कार्यालय ११ ते ४, रविवारी बंद, पावती तेथेच मिळेल; कोणाकडे चालू स्थितीतील हवा कोरडी करणारे यंत्र पडून असल्यास तेही चालेल.

आपला,
कार्यवाह, माजी विद्यार्थी मंडळ