पडतोय, पण कसा पडतोय?

सातारा
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मेधा,

अर्णवच्या चालण्याचा तुझा व्हिडिओ काल दुपारी आला तेव्हा मी फिजिओथेरपीच्या कामात होते, माझ्या हातात एक रडतं पोर होतं, म्हणून नुसतं 'बघते' लिहून मोकळी झाले. त्यावर तुझे अकरा मेसेज. शेवटचा पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी: 'हा दारू प्यायल्यासारखा का चालतो गं?' फोन करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे दहावीपासूनचं आहे. शिवाय मागून तुझ्या सासूबाई 'याचा बाबा नवव्या महिन्यात पळत होता' असं सांगतात आणि विषय तिथेच बसतो. म्हणून कागद घेतला. सावकाश वाच.

निकाल आधी सांगते. अर्णवच्या चालण्यात मला काळजीचं काही दिसलं नाही. चौदा महिन्यांचं, चालायला लागून पाच आठवडे झालेलं मूल असंच चालतं. तू लिहिलेली सगळी लक्षणं खरी आहेत. पाय फाकवलेले, हात खांद्यापर्यंत वर, कुणी 'हँड्स अप' म्हटल्यासारखे. टाच आधी न टेकता अख्खं पाऊल थपकन पडतं. आणि थांबायचं झालं की सरळ बसकण, कारण गाडीला ब्रेक अजून लागलेला नाही.

यातलं एकही लक्षण आजाराचं नाही, हे सगळे त्याचे तोल सांभाळायचे उपाय आहेत. या वयात डोकं अंगाच्या मानाने फार मोठं आणि जड असतं, त्यामुळे सगळा भार वरच्या बाजूला. वर भार असलेली वस्तू उभी ठेवायची तर खालचा पाया रुंद हवा, म्हणून पाय फाकवायचे. हात वर ठेवायचे म्हणजे पडताना पुढे टेकता येतात. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. काही महिन्यांत हात आपोआप खाली येतील, पाय जवळ येतील, दीड-दोन वर्षांच्या सुमाराला टाच आधी टेकायला लागेल आणि चालताना हात पुढेमागे हलायला लागतील. अगदी तुझ्यामाझ्यासारखी चाल यायला सातवं वर्ष उजाडतं.

जड डोक्यावरून आठवलं. व्हिडिओत मागे बाथरूमचं दार उघडं आहे आणि आत निळी बादली भरून ठेवलेली दिसते. ती आजच रिकामी कर, पत्र नंतर वाच. या वयाचं मूल बादलीत डोकावलं तर डोक्याच्या भाराने आत जातं आणि त्याला स्वतःला वर काढता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं आणि आवाज येत नाही. त्या सबंध व्हिडिओत मी घाबरले असेन तर त्या बादलीला.

आता 'किती पडतो' बद्दल. तू वहीत आकडे लिहून ठेवतेस हे वाचून आधी हसले आणि मग वाईट वाटलं. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरेन अडॉल्फ नावाच्या बाई आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू देऊन त्यांची पावलं मोजली. २०१२ साली ते छापून आलं. सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. सरासरी आहे ही, नवशिकी मुलं त्याहून जास्त पडतात. तुझ्या वहीत सकाळभरात तेवीस आहेत. वही ठेवून दे.

त्याच गटाने आणखी एक गमतीचा अभ्यास केला होता. मुलं एकदा जाड कापडी लंगोट घालून, एकदा पातळ डायपर घालून आणि एकदा उघडीनागडी चालवून पाहिली. नागडी सर्वांत छान चालली, जाड लंगोटात सर्वांत वाईट. तुझ्या व्हिडिओत अर्णव ओथंबलेल्या डायपरमध्ये, पायात मोजे घालून, आरशासारख्या चकचकीत टाइल्सवर चालतोय. अगं, मीही पडेन. मोजे काढ. घरात अनवाणीच चालू दे, तळव्याला जमीन कळली पाहिजे. ते चुंईचुंई वाजणारे बूट बाहेर जायला ठेव, चालायला शिकायला बुटांची काही गरज नसते.

आणि अर्णवच्या बाबाने, नितीनने, आणलेला तो चाकांचा वॉकर, ज्यात मूल मधोमध लटकतं, तो माळ्यावर टाक. त्यात मूल चवड्यांनी ढकलत फिरतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही. शिवाय जिन्यावरून घसरायची भीती. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपल्या आजीच्या वेळचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल मागे उभं राहतं, स्वतःच्या पायावर भार घेतं, आणि सोडलं की पडतं. देखरेखीखाली तो चालेल.

सासूबाईंच्या नवव्या महिन्याचं काय करायचं ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली होती, त्यात आपली दक्षिण दिल्लीही होती. आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं, सरासरी १२ महिन्यांच्या आसपास. म्हणजे नितीनही बरोबर आणि अर्णवही बरोबर. त्याच पाहणीत शंभरातली चारेक मुलं हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तशीच उभी राहिली. त्यामुळे 'रांगला नाही म्हणून पाय कच्चे' हेही मनातून काढून टाक.

माझ्या ईराचं तुला कधी सांगितलं नाही. ती रांगली नाही, ढुंगणावर सरकायची, एक पाय वल्ह्यासारखा मारत. अशी मुलं उशिराच चालतात, हे मी रोज चार आयांना समजावते. पण सोळावा महिना संपला आणि ही बया अजून सरकतेच आहे म्हटल्यावर मी रात्री ती झोपल्यावर टॉर्च लावून तिच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारून बघायचे. नवरा म्हणाला, तू फिजिओथेरपिस्ट आहेस की चोर? सतराव्या महिन्यात एका दुपारी ती उठली आणि पोळ्यांच्या डब्याकडे चालत गेली. हे तुला सांगते कारण पहाटे दोनला गूगल करणारी तू पहिली नाहीस.

मग घाबरायचं कशाला, ते आता लिहिते. मी एका दिवसाची चाल कधी बघत नाही, महिन्याभराची बघते. आज जसा डुलतोय तसाच, किंवा जास्त, चार-सहा आठवड्यांनीही डुलत असेल तर मी उठून बसते. आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघते. नवशिकं मूल दोन्ही बाजूंना सारखंच वेडंवाकडं असतं. एकच पाय ओढला जातोय, एकच चवडा टेकतोय, किंवा वर्षाच्या आतच खाऊ घ्यायला कायम एकच हात पुढे येतो आणि दुसरा मुठीत, हे मात्र नेऊन दाखवायचं.

मागच्या वर्षी एक मुलगी आली होती, सव्वादोन वर्षांची. चालताना एका बाजूला झुकायची. आईने तीनदा दाखवलं होतं, तीनदा 'सवय आहे, जाईल' ऐकून परत आली होती. मी तिला आडवी करून गुडघे दुमडले तर एक गुडघा बोटभर खाली. खुबा जन्मापासून सांध्याबाहेर. दुखत नाही गं तो, म्हणूनच कळत नाही. मूल रडत नाही, नुसतं लंगडतं. आणि दोन्ही खुबे तसे असतील तर लंगडतही नाही, बदकासारखं डुलतं, आणि लोकांना ते गोड वाटतं. पहिल्या काही महिन्यांत कळलं असतं तर पट्ट्यांवर भागलं असतं. सव्वादोन वर्षांनी ऑपरेशन आणि कमरेपासून प्लास्टर. आईला विचारलं तर म्हणाली, पायाळू आहे ती. आपल्याकडे पायाळू मुलाची लाथ बसली की उसण जाते म्हणतात, गावातल्या म्हाताऱ्या हौसेने पाठ पुढे करतात. पण पायाळू बाळाचे खुबे तपासायचे असतात, पहिल्या काही महिन्यांत सोनोग्राफी करायची असते, हे त्या माउलीला कुणी सांगितलं नव्हतं. वर मालीश झाल्यावर पाय सरळ ओढून दुपट्यात करकचून बांधायचे, तेही खुब्याला वाईट. त्यापेक्षा आपलं कडेवर घेणं कितीतरी शहाणपणाचं, पाय आपोआप फाकलेले राहतात. अर्णव पायाळू नव्हता, मला माहीत आहे. तरी तुझ्या बहिणीचे दिवस भरत आलेत, म्हणून लिहिलं.

बाकीचं भराभर सांगते. पायांचं धनुष्य झालंय म्हणतेस, ते दोन वर्षांपर्यंत चालतं, पुढे तीन-चार वर्षांचा झाला की उलटे गुडघे आदळायला लागतील, तेही जातं. मात्र धनुष्य वाढतच चाललंय, मनगटं जाड दिसतात, मूल उभं राहायला कंटाळतं, असं असेल तर मुडदूस आहे का ते बघायचं. ड जीवनसत्त्वाचे थेंब बहुतेक घरांत आणले जातात आणि फ्रीजच्या दारात विसरले जातात. तळवे सपाट असणं ठीक. अधूनमधून चवड्यांवर चालणंही ठीक. पण टाच कधीच टेकत नाही किंवा दोन-तीन वर्षांनंतरही तसंच चालू आहे, तर दाखव.

आणि थांबायचं नाही अशी वेळ कोणती? काल नीट चालणारं मूल आज अचानक झोकांड्या द्यायला लागलं तर. कांजिण्या किंवा साधा ताप येऊन गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी कधीकधी लहान मेंदूला सूज येते आणि मूल खरोखर दारुड्यासारखं चालतं. बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं, आणि त्याच दिवशी. दुसरी शंका घरातल्या गोळ्यांची. आजीची झोपेची गोळी, फिटचं औषध, सर्दीचं सिरप. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पाकिटांची पिशवी सोबत न्यायची. ताप आहे आणि पाय टेकवतच नाही, तर रात्र काढायची नाही. पाय लुळे पडत चाललेत, तर तेव्हाही नाही. सकाळी उठल्या उठल्या उलटी, मान एकीकडे वाकडी, डोळा तिरळा, आणि त्याबरोबर तोल जाणं, हेही त्यातलंच. येत असलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, तरीही. हे वाचून आता अर्णवला झोपेतून उठवून चालवून बघू नकोस.

आता खरं बोलायचं ते. तुझ्या अकरा मेसेजांत सातव्या ठिकाणी एक ओळ होती: 'आमच्या कामाच्या मावशींचा नातू वीस महिन्यांचा आहे, अजून उभासुद्धा राहत नाही, पण त्या किती निवांत आहेत बघ, मीच अशी.' मेधा, तू भलत्याच मुलाची काळजी करते आहेस. दीड वर्ष ही माझी रेघ आहे. त्यानंतर आधाराशिवाय चालत नसेल तर तपासायचं, 'मुलगे उशिरा चालतात' वगैरे नाही. वेळेआधी जन्मला असेल तर तेवढे आठवडे वजा करून मोजायचं, एवढीच सूट. आणि मुलगा आहे म्हणून आणखी एक. स्नायूंचा एक आजार असतो, जवळजवळ फक्त मुलग्यांना होणारा, तो पुष्कळदा उशिरा चालण्यातूनच पहिल्यांदा डोकावतो आणि एका साध्या रक्ततपासणीत त्याचा सुगावा लागतो. सीपीके म्हणतात तिला. बहुधा तसं काही निघणार नाही. अशक्तपणा असेल, मुडदूस असेल, नुसतं सरकणारं पोर असेल. पण वीस महिने म्हणजे बघायलाच हवं.

मावशी निवांत नसतील गं. एक दिवस खाडा म्हणजे पगार कापला जाणार, आणि कुठे जायचं ते ठाऊक नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याचसाठी आहे. अंगणवाडीत डॉक्टरांचं पथक येतं, ताईंना विचारायचं. नाहीतर जिल्हा रुग्णालयात जाऊन 'डीईआयसी कुठे' विचारायचं, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र. पैसे पडत नाहीत. मावशींना उद्या भरपगारी सुट्टी दे, आणि जमलं तर तूच बरोबर जा, कागद वाचायला कुणीतरी लागतं. जन्म कितव्या महिन्यात झाला, जन्मल्यावर रडला का, मान कधी धरली, बसला कधी, हे आज रात्रीच विचारून लिहून ठेव. ती वही आहेच तुझ्याकडे.

अर्णवचा पुढचा व्हिडिओ चार आठवड्यांनी. अनवाणी, डायपरशिवाय, एकदा पाठीमागून, एकदा समोरून. त्याआधी पाठवलास तर उघडणार नाही. मावशींच्या नातवाचं मात्र उद्या संध्याकाळी कळव, मी सातनंतर मोकळी आहे.

तुझी,
वसू