मलावी सरोवराकाठचे चर्च आणि आपले शरणपूर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मलावी सरोवरावरचा प्रवासलेख वाचला. किनाऱ्यावरची मासेमारी आणि सरोवराच्या वरच्या अंगाला, उंच पठारावर वसलेल्या लिव्हिंगस्टोनिया येथील प्रेस्बिटेरियन चर्च यांचे वर्णन लेखकाने आत्मीयतेने केले आहे. मात्र चर्चच्या इतिहासाबाबत ‘स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी १८७५मध्ये ते उभारले’ एवढे एकच वाक्य लिहून त्यांनी विषय आटोपता घेतला आहे. ते वाक्य पुरते बरोबर नाही, आणि नाशिकच्या वाचकांसाठी लिहिताना त्यातून जे वगळले गेले ते वगळायला नको होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

१८७५मध्ये सुरू झाले ते मिशन, आणि तेही आजच्या जागी नव्हे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने पाठवलेली तुकडी आरमारातील अनुभवी अधिकारी ई. डी. यंग यांच्या नेतृत्वाखाली ‘इलाला’ नावाची छोटी आगबोट घेऊन निघाली. शिरे नदीवरील धबधब्यांपाशी बोट सुटी करून तिचे भाग हमालांच्या डोक्यावरून वाहून नेले, वर पुन्हा जोडले आणि १२ ऑक्टोबर १८७५ रोजी ती सरोवरात शिरली. पहिले ठाणे दक्षिणेकडील केप मॅक्लिअर येथे पडले. तेथे हिवतापाने माणसे दगावत गेली, त्यामुळे १८८१मध्ये बांडावे येथे आणि पुढे १८९४मध्ये हवा मानवेल अशा पठारावर मुक्काम हलवावा लागला. केप मॅक्लिअर सोडले तेव्हा तेथे पाच युरोपियनांच्या कबरी होत्या आणि बाप्तिस्मा झालेला एकच स्थानिक माणूस होता, आल्बर्ट नामालाम्बे. मरणाऱ्यांत केवळ गोरेच होते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतील लव्हडेलच्या शाळेतून आलेले शाद्राक न्गुनाना हे १८७७मध्येच तेथे वारले. डॉ. रॉबर्ट लॉज यांनी मात्र १८७५पासून १९२७पर्यंत या मिशनची धुरा वाहिली. १९१४मध्ये येसाया झेरेंजे म्वासी, हेझेकाया त्वेया आणि जोनाथन चिर्वा या तिघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९२४मध्ये ब्लँटायर येथील दुसऱ्या स्कॉटिश मिशनशी एकत्र येऊन मध्य आफ्रिकेचे प्रेस्बिटेरियन चर्च स्थापन झाले. आज मलावीतील मोठ्या ख्रिस्ती मंडळ्यांत त्याची गणना होते.

आता नाशिकचा संबंध. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी केली. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी कित्येकांना येथे आणून लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. १८६५मध्ये आफ्रिकेतील प्रवासांसाठी प्रसिद्ध असलेले स्कॉटिश मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आले आणि त्यांनी पुढच्या मोहिमेसाठी शरणपूरच्या शाळेतील नऊ मुले बरोबर घेतली. त्यांच्या रोजनिशीत या ‘नासिक बॉइज’बद्दल कुरकुरच अधिक आढळते. पण पोरवयात पकडून नेलेल्या आणि सह्याद्रीच्या या बाजूला वाढलेल्या मुलांना अचानक रानावनातून मैलोन्‌मैल ओझी वाहायला लावल्यावर त्यांनी काय करायला हवे होते, हे त्या रोजनिशीच्या वाचकाने स्वतःलाच विचारावे. त्यांतील रिचर्ड हा मुलगा तर १८६६मध्ये वाटेतच मरण पावला.

येथे आपल्याकडे नेहमी होणारा एक घोटाळा निस्तरणे आवश्यक आहे. लिव्हिंगस्टन यांचे शेवटपर्यंतचे आफ्रिकी साथीदार चुमा आणि सुसी हे दोघेही शरणपूरचे विद्यार्थी होते असे भाषणांतून सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. चुमा आणि विकटनी या दोन मुलांना लिव्हिंगस्टन यांनी १८६४मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते, आणि डिसेंबर १८६५मध्ये विल्सन यांनीच त्यांना बाप्तिस्मा दिला. सुसी हे त्या वेळी मुंबईत आले ते लिव्हिंगस्टन यांच्या बोटीवरील खलाशी म्हणून, विद्यार्थी म्हणून नव्हे. शरणपूरचे मिशन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे होते, तर विल्सन हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे पुढे सरोवराकाठी गेलेल्या प्रेस्बिटेरियनांच्याच मंडळीतले. त्यामुळे त्या चर्चशी धर्मसंप्रदायाचे नाते सांगायचे तर ते गिरगावातील विल्सन यांच्या शाळेचे आहे, शरणपूरचे नव्हे. (१९७०मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले, ही गोष्ट वेगळी.) विकटनी १८६६मध्ये सरोवराच्या परिसरात पोहोचला, तेव्हा तेथे आपले नातेवाईक आहेत असे सांगून तो मागे राहिला. लिव्हिंगस्टन यांनी जाताना त्याला कापड, चकमकीची बंदूक आणि लिहायला कागद दिला. नऊ वर्षांनी यंग यांची तुकडी सरोवरावर आली, तेव्हा हा मुंबईत शिकलेला तरुण त्यांना भेटला.

मग शरणपूरचे काय? माझ्या मते शरणपूरचा वाटा अधिक मोठा आहे, फक्त तो संप्रदायाच्या वंशावळीत शोधू नये. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यासोबत शरणपुरात शिकलेले जेकब वेनराइट होते. लिव्हिंगस्टन यांना शोधून परतलेले पत्रकार हेन्री स्टॅन्ली यांनी १८७२मध्ये पाठवलेल्या माणसांत ते आले होते. त्यांनी मृताच्या सामानाची यादी केली, हृदय काढून तेथेच पुरताना प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव व तारीख कोरली. मीठ लावून उन्हात वाळवलेला देह झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात बांधून चुमा, सुसी, वेनराइट आणि त्यांच्या साथीदारांनी नऊ महिन्यांनी समुद्रकिनारी आणला. वाटेत लोक प्रेत पुढे जाऊ देईनात, तेव्हा एक खोटे गाठोडे परत पाठवून खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून त्यांनी पुढे काढला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये जेकब वेनराइट होते आणि पुढच्या वर्षी ‘इलाला’ घेऊन जाणारे ई. डी. यंगही होते. त्या अंत्यविधीला हजर असलेले फ्री चर्चचे मिशनरी डॉ. जेम्स स्टुअर्ट यांनी पुढच्याच महिन्यात फ्री चर्चच्या महासभेपुढे लिव्हिंगस्टन यांच्या स्मरणार्थ सरोवराकाठी मिशन काढण्याची कल्पना मांडली. देह आफ्रिकेतच राहिला असता तर हा अंत्यविधी झाला नसता, आणि इतक्या तातडीने पैसा व माणसे उभी राहिली असती असे मला वाटत नाही.

लिव्हिंगस्टोनियाच्या चर्चमध्ये रंगीत काचेची एक खिडकी आहे. तिच्यात लिव्हिंगस्टन, त्यांची औषधांची पेटी, दोन आफ्रिकी साथीदार आणि मागे सरोवर दाखवले आहे. म्हणजे तेथील मंडळीने निदान साथीदारांना काचेत तरी जागा दिली. आपण मात्र शरणपूर रोडवर नगरपालिकेच्या काळापासून आजपर्यंत एक साधा फलकही लावलेला नाही. याच वसाहतीतील अनेक जण १८७४नंतर प्राइस यांच्यासोबत मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले आणि तेथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले गेले, हेही शहराच्या विस्मरणात गेले आहे.

महापालिकेचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न अडचणीचा ठरू नये. फलक लावायचा झाल्यास तो मराठी आणि इंग्रजीत असावा, त्यावर प्राइस यांच्याबरोबर जेकब वेनराइट आणि १८६६च्या मोहिमेतील नऊ मुलांचीही नावे असावीत आणि चुमा-सुसी यांना शरणपूरचे विद्यार्थी म्हणण्याची चूक त्यावर कोरली जाऊ नये. मजकूर नक्की करण्यापूर्वी स्थानिक चर्चच्या मंडळीला आणि महाविद्यालयांतील इतिहास विभागांना तो दाखवावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत महापालिका प्रशासनाला विनंती आहे.

कळावे,
आपला एक वाचक,
नाशिक