अण्णा, हे तुमच्यासाठी

प्रिय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही पाना घेऊन गाडीखाली शिरता, म्हणून हे लिहितोय. थोरल्याला सांगा, मोबाइलवर वाचून दाखवेल. मध्येच ‘बास झालं’ म्हणू नका.

सोलापुरात सात रस्त्याच्या पुढं तुमचं गॅरेज सापडलं तेव्हा माझ्याकडं ती सेकंडहँड पांढरी गाडी होती. नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना तो मधेच अडकायचा. मग भर नवी पेठेत खाली उतरायचं, बोनेट उघडायचं, आतला लिव्हर हातानं सोडवायचा आणि तोवर मागच्या रिक्षावाल्यांची मंत्रपुष्पांजली ऐकायची. हात काळे करूनच मी शाळेत पोचायचो. पोरं फळ्यापेक्षा माझ्या बोटांकडंच जास्त बघायची.

पण खरा छळ उन्हाळ्यातला. मे महिन्यात देवीला निघालो आणि तुळजापूरचा घाट चढता चढता गाडी मेली. सेल्फ फिरतोय, इंजिन काही धरत नाही. मागं आई, बायको, लहान पोरगी आणि नैवेद्याचा डबा. एका ट्रकवाल्यानं मला वर हॉटेलापर्यंत सोडलं, तिथून तुम्हाला फोन लावला. मला वाटलं, तुम्ही निघाल. तुम्ही विचारलंत, “मास्तर, गाडीत टॉवेल आहे का?” सोलापूरच्या माणसाच्या गाडीत टॉवेल नसेल तर काय असेल! “ओला करा, इंजिनच्या अंगाला पेट्रोल पंप आहे त्याला गुंडाळा आणि निवांत चहा प्या. मी येऊन वेगळं काही करणार नाही.” आईनं देवीसाठी घेतलेलं पाणी त्या पंपावर ओतलं. चहा संपवून किल्ली फिरवली, तर गाडी अशी सुरू झाली की जसं काही झालंच नव्हतं.

परत आल्यावर तुम्ही गॅरेजच्या फरशीवर खडूनं काढून दाखवलंत, ते अजून डोळ्यांपुढं आहे. टाकी मागं. पंप पुढं, तापलेल्या इंजिनलाच बोल्टनं कसलेला. तो लांबून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या नळीत दाब कमी, त्यात वरून सोलापूरचं ऊन आणि आतून इंजिनची धग, मग पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ढकलायला केलेला, वाफ नुसती आतल्या आत दबते. इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्बोरेटर कोरडा. आताच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल मागून दाबानं पुढं ढकलतो, म्हणून हा रोग गेला.

आणि मग तुम्ही म्हणालात, “मास्तर, हा जन्माचा दोष आहे. नवा पंप बसवून पैसे घेईन, पण मे महिन्यात गाडी परत थांबणार.”

त्याआधी दोन ठिकाणी मला पंप, कॉइल, कार्बोरेटरचा किट, सगळं विकून झालं होतं. झिजलेलं काय आणि मुळातच चुकलेलं काय, हे वेगळं करून सांगणारे तुम्ही पहिले. आभार आहेत ते त्याचे. बाकी, गळणाऱ्या टाकीवर कपड्याच्या साबणाची वडी घासून मला मोहोळहून घरी आणलंत वगैरे, ते नंतर.

तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळेल ती पदरात घ्यायची. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ॲम्बॅसिडर आपल्याकडं २०१४ पर्यंत बनत होती. “गिऱ्हाईक जातंय कुठं? मग दांडा कशाला सुधारतील?” हा तुमचा सिद्धांत. मी तो अर्थशास्त्राच्या तासाला खपवत आलोय.

मला वाटायचं, नव्या जमान्यात हे संपलं. मग ती डिझेल घेतली. शोरूममधून कोरी करकरीत! आणि पहिल्याच दमदार पावसात मध्यरात्री हॉर्न आपोआप वाजायला लागला. अख्खी सोसायटी गॅलरीत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ठरवून टाकलं की मी गाडी धुताना भलतीकडं पाणी मारतो. तुम्ही काहीच ठरवलं नाहीत. स्टूल घेतलंत, तांब्या घेतलात, काचेवर थोडंथोडं पाणी सोडत बसलात आणि पोराला डॅशबोर्डखाली बॅटरी धरून झोपवलंत. दुपार गेली. शेवटी आतून पोरगं ओरडलं, “आलं आलं!” वायपरखालच्या पन्हाळीचं भोक इतकं बारीक की लिंबाची चार पानं पडली तरी तुंबावं, आणि तुंबलेलं पाणी वायरिंगच्या रबरातून थेट फ्यूजबॉक्सवर. पाण्याची वाट आणि विजेची पेटी एकाच कोपऱ्यात ठेवणाऱ्याला तुम्ही तेलुगूत जे म्हणालात, ते मला कळलं नाही, बरंच झालं. जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा कापून त्या पेटीवर छप्पर केलंत. “ट्यूबचे कसले पैसे?” दुपारभराच्या मजुरीचं तर नावच नाही.

अण्णा, ते पैसे माझ्याकडं अजून आहेत, आणि या वेळी ते घ्यावे लागतील, कारण काम आहे. पोरगी पुण्याहून आली की नवी गाडी बघायचं चाललंय. ती म्हणते, बॅटरीवरची घेऊ. शोरूमवाला पडदा, कॅमेरा, सनरूफ दाखवेल. तुम्ही नुसते सोबत चला. बोनेट उघडायला लावा, पन्हाळीत बोट घाला, पुढच्या दिव्याचा बल्ब बंपर न काढता निघतो का ते विचारा. तुम्ही मान हलवल्याशिवाय मी सही करणार नाही.

रविवार सोडून कधीही सांगा. रविवारी तुमची झोप मोडली तर वहिनी मला चहा द्यायच्या नाहीत.

तुमचा,
मास्तर